ताईची डावी बाजू

तिला सगळे भिंगरी म्हणत. टीममध्ये उंचीने ती सगळ्यात कमी, पण बॉल हातात आला की कुठून शिरेल आणि कुठून निघेल याचा पत्ता लागायचा नाही. म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये येऊन तिला दोन वर्षं झाली होती आणि ती दोन्ही तिने बहुतेक बेंचवर काढली होती. तिचे वडील बस चालवायचे. सुट्टी असली की मॅच लावून टीव्हीसमोर बसायचे आणि मग फोनवर म्हणायचे, "आज दोनदा दिसले गं तुझे बूट. छान आहेत." चेष्टाच होती ती. पण फोन ठेवल्यावर भिंगरीला लागायची.

ती बेंचवर असायची, कारण तिच्या जागेवर ताई खेळायची.

ताई म्हणजे टीमची कप्तान. वय एकतीस, याच टीमकडून नववा सीझन. बॉल पुढे नेणं, कोणी कुठे धावायचं ते नुसत्या भुवईने सांगणं, सामना तापला की सगळ्यांना शांत करणं, हे तिचं, म्हणजे गार्डचं, काम. टीमच्या कोचना सगळ्या मॅडम म्हणत, आणि मॅडम वयाने पंधरा वर्षांनी मोठ्या असूनही तिला ताईच म्हणत. बाहेरगावी मॅच असली की ताई आणि भिंगरी हॉटेलच्या एका खोलीत राहायच्या. पहिल्या वर्षी घरची आठवण येऊन भिंगरी बाथरूमचा नळ सोडून रडत बसली होती, तेव्हा ताईने दारावर टकटक केली होती आणि म्हटलं होतं, "पाणी वाया नको घालवूस. बाहेर येऊन रड." बाहेर आल्यावर तिने काही विचारलं नाही. अर्धं सफरचंद कापून हातावर ठेवलं आणि स्वतः झोपून गेली.

त्या सीझनच्या तिसऱ्या मॅचमध्ये समोरच्या टीममधल्या एका धिप्पाड मुलीचं कोपर ताईच्या डाव्या डोळ्यावर बसलं. मुद्दाम नव्हतं, बॉलसाठी उडी मारताना लागलं. डोळा सुजून काळानिळा झाला. टीमच्या फिजिओने बर्फ लावला, बोटं दाखवून किती ते विचारलं, ताईने बरोबर सांगितली. आठवड्याभरात सूज उतरली आणि ती परत खेळायला लागली. सगळे ते कोपर विसरून गेले.

साधारण दीड महिन्याने, एका हॉटेलात सकाळी ताईने पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला, तो टेबलाच्या कडेबाहेर, हवेत. ग्लास खाली पडून फुटला. भिंगरी हसली. ताईही हसली आणि काचा गोळा करायला वाकली, तर तिची डावी मांडी पलंगाच्या कोपऱ्यावर आपटली.

"आज माझा मुहूर्त चांगला नाही," मांडी चोळत ताई म्हणाली. भिंगरीने पाहिलं, त्या मांडीवर आधीचे दोन डाग होते, एक पिवळा पडलेला, एक ताजा.

परत आल्यावर मंगळवारी सराव होता. सरावात भिंगरी नेहमी ताईच्या समोर असायची, तिला अडवायला. दोन वर्षांत तिला ताईकडून बॉल काढून घेणं चार-पाचदा जमलं असेल. त्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत तीनदा जमलं. तिसऱ्यांदा बॉल घेऊन धावताना तिच्या लक्षात आलं की तिन्ही वेळा तिचा हात एकाच जागेतून गेला होता, ताईच्या डावीकडून, गुडघ्याच्या उंचीवरून. आणि तिन्ही वेळा ताई दचकली होती. चपळ हात बघून माणूस चिडतं, हात मागे घेतं. ताई दचकली होती, अंधारात कुणी खांद्यावर हात ठेवावा तशी.

भिंगरीने खात्री करून घेतली. एकदा उजवीकडून खाली हात घातला, तर ताईने बॉल अलगद पाठीमागून फिरवून नेला. एकदा डावीकडूनच, पण वरून घातला. ताईने तो पाहिला आणि टाळला. मग पुन्हा डावीकडून खालून. बॉल भिंगरीच्या हातात.

त्या क्षणी तिला कळलं, ताईला तिकडचं दिसत नाही. ग्लास, पलंगाचा कोपरा, मांडीवरचे डाग, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. तोंडापर्यंत शब्द आलेही होते, "ताई, तुझा डोळा". तेवढ्यात कोर्टाच्या कडेवरून मॅडम म्हणाल्या, "भिंगरी, शाबास. अशीच."

दोन वर्षांत मॅडम तिला असं पहिल्यांदा म्हणाल्या होत्या.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशीही सराव होता, आणि भिंगरी डावीकडून खालून आली.

पुढचे दिवस कसे गेले ते तिला नंतर एकेक करून आठवायचे, पण तेव्हा ते सलग आणि सोपे गेले. ती रोज स्वतःला काहीतरी सांगायची. ताई काय लहान मूल आहे? फिजिओ आहे, मॅडम आहेत, ते बघतील. आणि आपल्याला तरी कुठे खात्री आहे? आपण काय डॉक्टर आहोत? असं मनाशी म्हणत ती बुटांच्या नाड्या घट्ट करायची आणि कोर्टवर गेली की तिचे पाय आपसूक ताईच्या डाव्या बाजूला वळायचे.

ताईला वाटलं, वय झालं. ती सगळ्यांच्या आधी एक तास यायला लागली. रिकाम्या कोर्टवर एकटी बॉल आपटत, वळत, परत वळत राहायची. एकदा भिंगरी लवकर आली तर ताई जिन्यात बसलेली दिसली. घामाने भिजलेली, मानेवर टॉवेल.

"बस," ताई म्हणाली. भिंगरी एक पायरी खाली बसली.

"एक विचारू? तू रोज माझ्यासमोर असतेस. मला सगळ्यात जवळून तूच बघतेस. माझ्या खेळात तुला काही वेगळं दिसतंय का? खरं सांग. राग नाही यायचा मला."

जिन्याच्या खिडकीतून खाली गाड्या लावायची जागा दिसत होती. कुणीतरी गाडी मागे घेत होतं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. भिंगरी त्या गाडीकडे बघत राहिली.

"नाही गं ताई," ती म्हणाली. "थकली असशील."

"तसंच असेल," ताई म्हणाली. तिने टॉवेलने तोंड पुसलं आणि भिंगरीच्या डोक्यावर टपली मारली. "तू मात्र बहरलीस हां. चल."

त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी पहिल्या पाचात भिंगरीचं नाव घेतलं. ताई बेंचवर. कपडे बदलण्याच्या खोलीत सगळ्या ताईकडे बघायला लागल्या. ताईच उठली आणि भिंगरीच्या जर्सीची मागे वळलेली कॉलर सरळ केली. त्या मॅचच्या पहिल्या टाइमआउटला सगळ्या बेंचपाशी आल्या, तेव्हा ताई तिच्या कानाशी म्हणाली, "त्यांची सात नंबरवाली दमलीय, तिच्यावर धाव." भिंगरी सात नंबरवर धावली. टीम अकरा पॉइंटने जिंकली. वडिलांचा फोन आला. "आज बूट दिसले नाहीत," ते म्हणाले, "सारखा चेहराच दिसत होता." त्यांचा आवाज भरून आला होता. भिंगरी "हो बाबा, हो बाबा" म्हणत राहिली.

आणखी दोन आठवडे गेले. एके दिवशी सराव संपल्यावर ताई म्हणाली, "माझ्याबरोबर चष्म्याच्या दुकानात येतेस? या डोळ्याला धूसर दिसतंय हल्ली. म्हातारपण आलं की सगळं एकदमच येतं बघ." ताईचा नवरा जहाजावर इलेक्ट्रिशियन होता, त्याला परतायला अजून दोन महिने होते. भिंगरी गेली.

चष्म्याच्या दुकानातल्या बाईने यंत्रातून ताईच्या डोळ्यात पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग दिवा बंद केला आणि म्हणाली, "चष्म्याचं काम नाही हे. डोळ्यांच्या हॉस्पिटलात जा. आत्ता. उद्या नको."

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी ताईच्या डोळ्यात थेंब घातले, बराच वेळ तपासलं आणि खुर्ची मागे सरकवली. त्या थकलेल्या दिसत होत्या, पण बोलायला सरळ होत्या.

"डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. तो सुटलाय. कधी मार लागला होता?"

ताईने कोपराचं सांगितलं.

"तेव्हापासून कडेने थोडा थोडा सुटत आला असणार. आधी बाजूचं जातं. डाव्या अंगाचं, खालचं. ठेचा लागल्या असतील, वस्तू पडल्या असतील. आता धूसर दिसतंय म्हणजे मधला भागही सुटला. ऑपरेशन उद्याच करू. पण खरं सांगते, मधला भाग शाबूत असताना आली असतीस, अगदी दोन आठवडे आधी, तर दृष्टी बरीचशी वाचली असती. आता किती परत येईल, सांगता येत नाही. इतके दिवस कुणाच्याच लक्षात नाही आलं?"

"माझ्याच लक्षात नाही आलं," ताई म्हणाली, "तर दुसऱ्या कुणाच्या येणार?"

भिंगरी तिच्या शेजारच्या स्टुलावर होती. ताईची पिशवी तिच्या मांडीवर होती. ती मनात मोजत होती. त्या मंगळवारपासून आजपर्यंत चाळीस दिवस. त्यातले दोन आठवडे वजा केले तरी सव्वीस उरत होते. सव्वीस दिवस ताईचा डोळा तिच्या हातात होता आणि तिने तो बेंचवरून उठण्यासाठी वापरला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिला वाटत होतं की डॉक्टरीणबाई आता वळतील आणि तिलाच विचारतील. त्या वळल्या, आणि म्हणाल्या, "तू धाकटी बहीण का? उद्या सकाळी सातला घेऊन ये हिला."

ऑपरेशन झालं. पडदा जागेवर चिकटून राहावा म्हणून डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता, आणि तो बरोबर मागे टेकावा म्हणून ताईला दहा दिवस तोंड खाली करून राहायचं होतं. झोपायचं पालथं, बसायचं तर टेबलावर कपाळ टेकून. जेवणापुरतीच जरा मोकळीक.

ताईच्या सासूबाई मदतीला येऊन राहिल्या. निवृत्त नर्स होत्या, तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. "तुझा नवरा चार महिन्यांचा असताना पहिल्यांदा पालथा पडला," त्या ताईला म्हणायच्या, "तर मी सगळ्या आळीला सांगत सुटले होते. तू एकतिसाव्या वर्षी पडलीस. आता कुणाला सांगू?" ताई पालथ्यानेच हसायची, पाठ हलायची तिची.

भिंगरी रोज सराव संपला की जायची. ताईला वर्तमानपत्र वाचून दाखवायची, नळीने पाणी द्यायची, मान आखडली की चोळून द्यायची. सासूबाई तिला दारापर्यंत सोडायला येत आणि म्हणत, "पोटच्या पोरी करणार नाहीत एवढं करतेस गं बाई." भिंगरी मान खाली घालून जिना उतरायची. घरी आल्यावर तिला जेवण जायचं नाही. आपण सेवा करतोय की लपतोय, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं. सांगायचं हे रोज ठरवून जायची, आणि ताई म्हणायची, "आलीस का? बरं झालं. आज काय शिकवलं मॅडमनी?" की शब्द परत पोटात.

सहाव्या दिवशी दुपारी ती गेली तेव्हा ताई टेबलापाशी बसली होती. टेबलाच्या कडेला टॉवेलची गुंडाळी करून त्यावर कपाळ टेकलं होतं, तोंड थेट जमिनीकडे. तिच्याशी बोलायचं तर टेबलाखाली फरशीवर बसून वर बघावं लागे. भिंगरी तशी बसली. ताईचा चेहरा तिच्या वर होता, डाव्या डोळ्यावर पट्टी, गाल खाली ओघळलेले, ओळखू न येण्यासारखा.

"काल ऐकली मॅच," ताई म्हणाली. "शेवटी घाई केलीस."

"हो."

आत सासूबाई भांडी लावत होत्या.

"मला एकच गोष्ट खाते बघ," ताई म्हणाली. "ह्यांचा फोन येतो, ते विचारतात, अगं तुला कसं कळलं नाही? मी काय सांगू? नऊ वर्षं या शरीरावर जगले. कुठला स्नायू किती ताणलाय ते मला झोपेत सांगता येतं. आणि स्वतःचा डोळा जातोय ते कळलं नाही. आपल्याच हलगर्जीपणाने घालवला. दुसऱ्या कुणाला दोष देता आला असता तर बरं वाटलं असतं."

"ताई," भिंगरी म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"तुला डावीकडचं, खालचं दिसत नाही, हे."

ताईचा उजवा डोळा तिच्यावर स्थिर झाला. "कधीपासून?"

"तो ग्लास फुटला ना, त्याच्यानंतरच्या मंगळवारपासून."

"म्हणजे किती दिवस?"

"चष्म्याच्या दुकानात गेलो तोपर्यंत चाळीस."

"मोजलेस?"

"हो."

"म्हणून तू तिकडून यायचीस."

भिंगरीने होकारार्थी मान हलवली.

"मी तुला विचारलं होतं," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "जिन्यात. राग येणार नाही म्हणाले होते."

"हो."

"आणि तू म्हणालीस, थकली असशील."

"हो."

"तेव्हा किती दिवस झाले होते?"

"बारा."

ताईच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. ते गालावर ओघळलं नाही, कारण चेहराच खाली होता. नाकाच्या शेंड्याशी जमलं आणि भिंगरीच्या गुडघ्याजवळ फरशीवर पडलं. भिंगरीने पुसायला हात पुढे केला.

"हात नको लावूस," ताई म्हणाली. मग म्हणाली, "ऊठ तिथून. मला तुझं तोंड बघायचं नाही, आणि मला मान वळवायची परवानगी नाही. तेव्हा तूच ऊठ."

भिंगरी उठली. टेबलाच्या कडेला क्षणभर उभी राहिली. वरून आता फक्त ताईची मान आणि बांधलेले केस दिसत होते.

"ताई, मी"

"जा."

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात कप. त्यांनी काय ऐकलं आणि काय नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "चहा केलाय," त्या म्हणाल्या. भिंगरीला नाही म्हणायचं धाडस झालं नाही. तिने उभ्याउभ्या तो चहा प्यायला, कढत, जीभ भाजली. कप विसळून ठेवला. सासूबाई या वेळी दारापर्यंत आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मॅडमना भेटली. मॅडम सामान ठेवायच्या खोलीत बॉलमध्ये हवा भरत होत्या. हे काम त्या कुणाला करू देत नसत. भिंगरीने दारातच सगळं सांगितलं, आधी पाठ केल्यासारखं, काही न वगळता. मॅडमचा पंपावरचा हात थांबला.

"मला टीममधून काढा," शेवटी ती म्हणाली.

मॅडमनी बॉल आपटून पाहिला, अजून थोडी हवा भरली, पुन्हा आपटला.

"काढू?" त्या म्हणाल्या. "म्हणजे तू घरी जाशील, चार महिने रडशील, आणि मग स्वतःला सांगशील की फेडलं. तुझी सोय आहे ती. टीमची नाही, ताईची तर नाहीच." त्या उठल्या. गुडघे वाजले त्यांचे. "आणि ऐक. तिचा खेळ उतरलेला मलाही दिसत होता. डोळ्यात तेल घालून बघायला मला इथे ठेवलंय. मी वय म्हटलं आणि मोकळी झाले, कारण नवी मुलगी चमकायला लागली होती आणि आम्ही जिंकत होतो. फिजिओने एकदा बोटं मोजायला लावली आणि फाइल मिटली. तेव्हा सगळं पाप तुझ्या एकटीच्या डोक्यावर घेऊन मिरवू नकोस."

भिंगरीला जरा बरं वाटलं. ते मॅडमच्या लक्षात आलं.

"पण आम्हाला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुला होतं. हा फरक आहे आणि तो राहणार. जा, मुली वाट बघतायत."

ती खेळली. वाईट खेळली. उपांत्य सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत बॉल तिच्या हातात होता. समोरची मुलगी उजवीकडे झुकलेली होती, तिची डावी बाजू मोकळी होती, आणि भिंगरीचे पाय तिकडे जाईनात. पाच सेकंद ती जागच्या जागी बॉल आपटत राहिली. वेळ संपली. टीम हरली. बदलण्याच्या खोलीत मुली म्हणाल्या, होतं असं कधीकधी. वडीलही फोनवर तेच म्हणाले. त्या रविवारी ती घरी गेली आणि आईवडिलांना सगळं सांगून टाकलं. आई उठून आत गेली. वडील बराच वेळ टीव्हीच्या बंद पडद्याकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "मी ती बुटांची चेष्टा करायला नको होती." भिंगरी म्हणाली, "त्याचा काही संबंध नाही बाबा." पण दोघांनाही ते पूर्ण खरं वाटलं नाही.

ताईचा पडदा चिकटला. बुडबुडा हळूहळू विरून गेला. त्या डोळ्याने तिला माणसाचा आकार दिसायचा, चेहरा दिसायचा नाही. सरळ रेघ वाकडी दिसायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एकच चांगला डोळा उरलाय, त्याला कोपर लागलं तर काय, तेव्हा खेळ बंद. ताईने ते मान्य केलं. तिने भिंगरीबद्दल क्लबात कुणाला काही सांगितलं नाही. निरोपाच्या छोट्या कार्यक्रमात ती सगळ्यांच्या गळ्यात पडली. भिंगरी खोलीच्या टोकाला, खुर्च्यांच्या मागे उभी होती. ताई तिच्यापर्यंत आली नाही. मध्ये गर्दी होती, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या सीझनआधी मॅडमनी दोन गोष्टी केल्या. सगळ्या खेळाडूंची डोळ्यांची पूर्ण तपासणी सक्तीची केली, आणि ताईला सहायक कोच म्हणून बोलावलं. ताईने विचार करायला एक महिना घेतला आणि हो म्हणाली.

पहिल्या दिवशी ती एकेका खेळाडूला कोचच्या खोलीत बोलावत होती. भिंगरीचा नंबर सगळ्यात शेवटी आला. ती आत गेली आणि दाराशी उभी राहिली. ताईने आता चष्मा लावला होता, डावी काच जरा धुरकट. तिने समोरची खुर्ची उजवीकडे सरकवली, म्हणजे तिला नीट दिसेल अशी.

"बस."

भिंगरी बसली. टेबलावर गेल्या सीझनच्या शेवटच्या सामन्याची नोंद होती, त्यात तिच्या नावाखाली पेन्सिलने बरंच काही लिहिलेलं.

"तू समोरच्या मुलीच्या डावीकडून जाणं बंद केलंयस," ताई म्हणाली. "मी सगळ्या मॅच बघितल्या. सासूबाई चिवड्याची वाटी भरून देतात, मी बघत बसते. सात सामन्यांत तू एकदाही डावीकडे गेली नाहीस. का?"

भिंगरीला उत्तर माहीत होतं. ताईलाही माहीत होतं.

"ते चालणार नाही," ताई म्हणाली. "अर्ध्या कोर्टवर खेळणारी गार्ड मला नको. उद्यापासून रोज एक तास आधी यायचं. मी शिकवीन."

"ताई, तू मला"

"थांब. तेच सांगायला शेवटी ठेवलं तुला." ताईने चष्मा काढला आणि पदार्थाला चव आहे का बघावं तशी शब्द तोंडात घोळवत राहिली. "मी तुला माफ केलेलं नाही. करायचा प्रयत्न केला. ह्यांनी सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं, पोर लहान आहे, स्वतःहून कबूल केलं. सगळं पटतं मला. पण सकाळी उठून हा डोळा उघडला की पटत नाही. पुढे कधी जमेल की नाही, माहीत नाही. जमलं तर मी सांगीन. तू विचारायचं नाहीस. चेहरा पाडून माझ्या पुढेमागे करायचं नाही. पाणी आणून द्यायचं नाही. खेळायचं."

"हो," भिंगरी म्हणाली.

"आणि अजून एक. नव्या तीन मुली आल्यात. त्यांतली एक तुझ्या जागेसाठी आलीय, चांगली आहे. तिला काही झालेलं दिसलं, नुसतं लंगडताना दिसली तरी, तू मला सांगायचंस."

"सांगेन."

"जा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला भिंगरी कोर्टवर आली तेव्हा ताई आधीच उभी होती, शिट्टी गळ्यात. तासभर त्यांनी सराव केला. ताई फक्त कामाचं बोलत होती, पाय इथे, खांदा खाली, पुन्हा, पुन्हा. तास संपला तेव्हा भिंगरीचा शर्ट पाठीला चिकटला होता. ताईने घड्याळ पाहिलं, "उद्या सहा," म्हणाली आणि निघून गेली.

ती दोघींची सकाळ पुढे तीन सीझन चालली. भिंगरी चांगली खेळाडू झाली, बाहेरचे लोक म्हणायचे, कोचने घडवली म्हणजे अशी घडवावी. नव्या मुलींना वाटायचं, या दोघी फार जवळच्या असणार. भिंगरीने कधी विचारलं नाही. ताईने अजून काही सांगितलेलं नाही.